राणी दिद्दा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहाव्या शतकातल्या काश्मीरच्या या राणीबद्दल दोन टोकांचं लिहिलं जातं. एकीकडे नातवंडांना मारणारी चेटकीण, दुसरीकडे गझनीच्या महमुदाला पळवून लावणारी रणरागिणी. दोन्ही चित्रं रंगवणारे मूळ मजकुरापर्यंत क्वचितच जातात. खालची उत्तरं त्या मजकुरातून आणि नाण्यांवरून दिली आहेत.

दिद्दा नेमकी कोण होती?

लोहरचा राजा सिंहराज याची मुलगी आणि काबूल-उदभांडच्या ‘शाही’ नावाच्या राजघराण्यातल्या भीम शाहीची नात (मुलीची मुलगी). काश्मीरचा राजा क्षेमगुप्त (इ.स. ९५० ते ९५८) याच्याशी तिचं लग्न झालं. त्याच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलगा अभिमन्यू गादीवर आला आणि कारभार तिच्या हातात आला. ९७२ मध्ये अभिमन्यू क्षयाने गेला. मग नंदिगुप्त, त्रिभुवन आणि भीमगुप्त हे तीन नातू एकामागून एक राजे झाले आणि मेले. ९८० पासून १००३ मध्ये मरेपर्यंत ती स्वतःच्या नावाने राज्य करत होती. पालक म्हणून आणि राणी म्हणून धरलं तर साधारण ४५ वर्षं काश्मीरची सत्ता तिच्याकडे होती. त्याआधीच्या अर्धशतकात तिथे एखादा राजा दहा वर्षं टिकणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

काश्मीरच्या गादीवर बसलेली ती पहिली स्त्री का?

नाही. शंकरवर्म्याची विधवा सुगंधा तिच्या आधी होऊन गेली. मुलगा गोपालवर्मा याच्या वतीने आणि मग ९०४ ते ९०६ या काळात स्वतःच्या नावाने तिने राज्य केलं. तंत्री नावाच्या पायदळाच्या जमावाने तिला हटवलं आणि पुढे ९१४ मध्ये ती मारली गेली. दिद्दा काय टाळत होती, हे कळायला सुगंधेचा शेवट लक्षात ठेवावा लागतो.

लोहर म्हणजे लाहोर का?

नाही. ही चूक जुन्या पुस्तकांत आहे आणि तिथून अजूनही उचलली जाते. लोहर म्हणजे पीर पंजालच्या दक्षिण उतारावरचं, पूंछजवळचं लोहरिन खोरं. आजचं लोरन गाव याच भागात येतं. ऑरेल स्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जागा पक्की केली. फरक फक्त नकाशापुरता नाही. लोहरहून काश्मीर खोऱ्यात उतरणारी घाटवाट माहेरच्या ताब्यात असणं आणि आजोळ शाही घराण्यात असणं, हे दिद्दाचं खरं भांडवल होतं. लाहोर धरलं की हा सगळा हिशेब कोसळतो.

तिची माहिती मुळात कुठे आहे?

मुख्यतः कल्हणाच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या संस्कृत इतिहासकाव्यात, सहाव्या तरंगात (प्रकरणात). कल्हणाने हा ग्रंथ ११४८ ते ११५० या काळात लिहिला, म्हणजे दिद्दा जाऊन तेव्हा जवळपास दीडशे वर्षं झाली होती. तो डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही. पण त्याच्यासमोर जुन्या बखरी, ताम्रपट, देवळांवरचे लेख होते आणि ते वापरल्याचं तो स्वतः सांगतो.

तो शत्रूच्या दरबारातला कवी होता म्हणून त्याने तिला बदनाम केलं, असं एक म्हणणं हल्ली ऐकू येतं. ते टिकत नाही. कल्हणाचा बाप चंपक हा राजा हर्षाचा मंत्री होता आणि हर्ष लोहर घराण्यातला, म्हणजे दिद्दाच्या भावाच्या वंशातला. ज्या घराण्याला काश्मीरची गादी दिद्दाने मिळवून दिली, त्याच्याच चाकरीत कल्हणाचं कुटुंब वाढलं. त्याचा पूर्वग्रह वेगळ्या जागी आहे. पुरुष राजाने क्रौर्य केलं की तो त्या राजाला दोष देतो. दिद्दाने केलं की तो एकूण स्त्रीस्वभावावर श्लोक लिहितो. तो वाचताना घटना एका बाजूला आणि हे शेरे दुसऱ्या बाजूला ठेवावेत.

ती पायाने अधू होती का?

हो, कल्हण तिला स्पष्टपणे लंगडी म्हणतो. तिला उचलून नेणाऱ्या बाईचं नाव वल्गा होतं आणि वल्गामठ नावाचा मठ तिच्या नावाने उभा राहिला. राजाच्या दरबारातल्या एका ओझेवाहू बाईचं नाव मठाला मिळून हजार वर्षं टिकावं, ही गोष्ट इथे आवर्जून नोंदवावीशी वाटते. बंडाच्या प्रसंगी कल्हणाने दिलेली उपमाही प्रसिद्ध आहे: गाईच्या खुराचा खळगासुद्धा जिला ओलांडता येईल असं कोणाला वाटलं नसतं, ती शत्रूंचा सागर मारुतीसारखी ओलांडून गेली.

‘दिद्दाक्षेम’ ही काय भानगड आहे? ते नाणं कसं ओळखायचं?

क्षेमगुप्त शिकार, जुगार आणि दारूत रमलेला होता. कोल्ह्यांची शिकार हा त्याचा खास नाद. बायकोच्या इतका आहारी गेला की लोक त्याला ‘दिद्दाक्षेम’ म्हणू लागले, असं कल्हण सांगतो. हा टोमणा नाण्यांवर तपासता येतो, कारण क्षेमगुप्ताच्या तांब्याच्या नाण्यांवर खरोखरच ‘दि’ आणि ‘क्षेम’ अशी अक्षरं आहेत. नवऱ्याच्या राज्यात, तो जिवंत असताना, राणीच्या नावाचं आद्याक्षर नाण्यावर आलेलं आहे.

संग्राहकांसाठी ओळखीच्या खुणा:

ही नाणी तांब्याची, जाडसर, साधारण ५ ते ६ ग्रॅमची. एका बाजूला बसलेली देवी, दुसऱ्या बाजूला उभा राजा. काश्मीरमध्ये हा नमुना शतकानुशतकं चालला आणि दहाव्या शतकापर्यंत आकृत्या इतक्या ढोबळ झाल्या की देवी म्हणजे काही रेषा आणि ठिपके वाटतात. म्हणून चित्रावर वेळ घालवू नका, देवीच्या दोन्ही बाजूंची अक्षरं पाहा. लिपी शारदा आहे. नुसती नागरी येणाऱ्याने अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय वाचन पक्कं धरू नये.

‘दि’ आणि पुढे ‘क्षेम’ असेल तर नाणं क्षेमगुप्ताचं, ९५० ते ९५८ मधलं. ‘श्री’ आणि ‘दिद्दा’ असेल तर ते तिच्या स्वतःच्या राज्यातलं, ९८० नंतरचं. नेहमी होणारी चूक ही, की ‘दि’ दिसताच विक्रेता नाणं दिद्दाचं म्हणून विकतो. दोन्हींत किमान बावीस वर्षांचं अंतर आहे. उभ्या राजाची आकृती तिच्या स्वतःच्या नाण्यांवरही तशीच राहिली आहे. साचा बदलला नाही, नाव बदललं. पुरुषाची आकृती दिसते म्हणून ‘हे राणीचं नसेल’ असं समजू नका.

ती सती जाणार होती, हे खरं का?

कल्हणाच्या सांगण्याप्रमाणे हो, पण प्रसंग राजकारणाचा आहे. प्रधान फल्गुण याची मुलगी चंद्रलेखा हीसुद्धा क्षेमगुप्ताची राणी होती, त्यामुळे फल्गुण आणि दिद्दा यांचं आधीपासून वाकडं होतं. राजा गेल्यावर इतर राण्या चितेकडे निघाल्या, तेव्हा दिद्दानेही सती जाण्याची परवानगी मागितली. फल्गुणाने ती लगेच दिली. चितेजवळ पोचल्यावर तिचं मन फिरलं आणि नरवाहन नावाच्या मंत्र्याने तिला अडवून परत आणलं. फल्गुणाच्या त्या झटपट होकाराचा अर्थ तिला कळला होता. त्याला दरबार सोडून पर्णोत्साला, म्हणजे पूंछला, जावं लागलं.

विधवा, पायाने अधू, मुलगा लहान. मग ती टिकली कशी?

दोन मोठी बंडं झाली आणि दोन्ही वेळा पद्धत वेगळी होती.

पहिलं बंड महिमा आणि पाटल यांचं. हे दोघे क्षेमगुप्ताचा बाप पर्वगुप्त याच्या मुलींची मुलं, म्हणजे गादीवर हक्क सांगू शकणारे. ललितादित्यपूरचे ब्राह्मण त्यांना मिळाले. दिद्दाने आधी मुलाला गुपचूप शूरमठात हलवलं. राजाच हाती लागला नाही तर बंडाला अर्थ उरत नाही. मग ललितादित्यपूरच्या ब्राह्मणांना भरपूर सोनं देऊन फोडलं. लढाईची वेळ येण्याआधी आघाडी मोडली. हवी तेवढी उसंत मिळाल्यावर बंडातल्याच यशोधराला तिने सेनापतीपद, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘कंपना’, दिलं.

दुसरं बंड याच यशोधरामुळे. त्याने ठक्कन नावाच्या शाही सरदारावर स्वारी केली, त्याला पकडलं आणि खंडणी घेऊन पुन्हा गादीवर बसवलं. दिद्दाच्या जवळच्यांनी कान भरले की याने लाच खाऊन शत्रूला सोडलं. त्याला हद्दपार करण्याच्या हालचाली सुरू होताच शुभधर, मुकुल, एरमंतक वगैरे जुने साथीदार एकत्र आले आणि थेट राजवाड्यावर चालून गेले. या वेळी सोन्याने काम झालं नाही. एकांग नावाची राजवाड्याची तुकडी दारात उभी राहिली, नरवाहन बाजूने राहिला आणि राजकुलभट्ट कुमक घेऊन पोचला. बंड मोडलं.

पहिल्या वेळी तिने शत्रूंना पदं दिली होती, आता मात्र क्षमा नाही. पकडलेल्यांना कुटुंबांसह शिक्षा झाल्या. एरमंतकाला गळ्यात दगड बांधून वितस्तेत, म्हणजे झेलम नदीत, बुडवलं. गयेला श्राद्ध करणाऱ्या काश्मिरी यात्रेकरूंवरचा कर माफ करून घेणारा तोच हा एरमंतक, त्यामुळे लोकांत त्याचं नाव होतं. ही शिक्षा काश्मीरला नवी नव्हती. दिद्दाचा सासरा पर्वगुप्त याने संग्रामदेव नावाच्या बालराजाला मारून, गळ्यात दगड बांधून, याच नदीत टाकलं आणि राज्य घेतलं होतं.

याच ठिकाणी कल्हण एक हिशेब मांडतो आणि तो तिच्यावर टीका करणाऱ्यांनी वाचायला हवा. गोपालवर्म्यापासून अभिमन्यूपर्यंत सुमारे साठ वर्षांत सोळा राजे झाले. त्यांचे प्राण, मान आणि संपत्ती लुटणारी जी मंत्रिघराणी होती, ती या राणीने वंशासकट संपवली. शब्द स्तुतीचे आहेत, आणि ते तिला नावं ठेवणाऱ्या लेखकाचे आहेत.

ज्या नरवाहनाने वाचवलं, त्याचं काय झालं?

तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात वाईट डाग, असं आमचं स्पष्ट मत आहे. खजिन्याचा अधिकारी सिंधू याने दोघांत संशय पेरला. दिद्दा नरवाहनाला वारंवार अपमानित करत गेली आणि शेवटी त्याने आत्महत्या केली. नातवंडांच्या आरोपात शंकेला जागा आहे, इथे नाही. जो माणूस चितेवरून तिला परत घेऊन आला आणि दोन्ही बंडांत हलला नाही, त्याला तिने ऐकीव गोष्टींवर घालवला. तो गेल्यावर लष्कर सांभाळायला तिला जुन्या वैऱ्याला, फल्गुणालाच, परत बोलवावं लागलं.

तिने नातवंडांना मारलं का?

आधी घटना, तारखांसह (लौकिक हा काश्मिरी संवत, त्याचा हिशेब पुढे आहे). अभिमन्यू गेला लौकिक ४८, कार्तिक शुद्ध तृतीयेला (९७२). नंदिगुप्त गेला लौकिक ४९, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीला (९७३). त्रिभुवन गेला लौकिक ५१, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला (९७५). भीमगुप्त लौकिक ५६ मध्ये (९८०). म्हणजे पहिला नातू तेरा महिन्यांत, दुसरा त्यानंतर दोन वर्षांत, तिसरा आणखी पाच वर्षांनी.

आता कारणं. पहिल्या दोघांबद्दल कल्हणाचा आरोप अभिचाराचा आहे, म्हणजे करणीचा. तिसऱ्याबद्दल तो वेगळंच सांगतो: भीमगुप्त मोठा होऊन कारभारातल्या गोष्टी विचारू लागला, तेव्हा तिने त्याला उघडपणे कैदेत टाकलं आणि हालहाल करून मारलं. तिन्ही मृत्यू एका वाक्यात ‘तिने तिघांना ठार केलं’ असे गुंडाळले की हा फरक बुडतो.

करणीच्या आरोपाचं वजन करण्याची रीत आहे. कल्हण तो आणखी कोणावर करतो, ते पाहायचं. चंद्रापीडाला भाऊ तारापीडाने करणीने मारलं, असं तो सांगतो. गोपालवर्मा करणीने मेला, असंही सांगतो. बंडखोर महिम्यालाही दिद्दाने करणीनेच संपवलं म्हणतो. सत्तेतला कोणी सोयीच्या वेळी अचानक मेला की त्या काळचा समाज हेच कारण लावत असे. त्यातून संशय किती दाट होता ते कळतं, खून सिद्ध होत नाही. दोघेही लहान मुलं होती, बाप क्षयाने गेलेला होता, हेही विसरू नये.

भीमगुप्ताचं प्रकरण मात्र झटकून टाकता येत नाही. तिथे मंत्र नाही, तुरुंग आहे. हेतू आहे. लाभ कोणाला झाला तेही स्पष्ट आहे: तो मेला आणि ती गादीवर बसली. तिच्या प्रेमापोटी हा भाग गाळणारे लेख आम्हाला पटत नाहीत.

तुंग कोण? त्याच्यामुळे इतका गदारोळ का झाला?

पर्णोत्साच्या भागातल्या बद्दिवास गावचा, खश या डोंगरी जमातीतला, म्हशी राखणारा. भावांसोबत काश्मीरला आला आणि पत्र पोचवणाऱ्या हरकाऱ्याची नोकरी लागली. तिथून तो दिद्दाच्या नजरेत भरला आणि सर्वाधिकारी, म्हणजे प्रधान, झाला. दोघांच्या संबंधांवर कल्हण भरपूर लिहितो. पण दरबाराला जास्त काय खुपलं, हे पुढच्या घटनांवरून दिसतं. दिद्दाचा भाचा विग्रहराज याने प्रमुख अग्रहारांतल्या (इनाम गावांतल्या) ब्राह्मणांना प्रायोपवेशनाला, म्हणजे आमरण उपोषणाला, बसवलं. मागणी एकच, तुंगाला काढा. दिद्दाने त्याला बंद खोलीत लपवलं, उपोषणकर्त्यांना सोनं वाटलं आणि उपोषण सुटलं. पुढे पुन्हा तेच झालं, पुन्हा तसंच सुटलं.

तुंग नुसता मर्जीतला माणूस असता तर राजपुरीला, म्हणजे आजच्या राजौरीला, उघडा पडला असता. राजौरीच्या राजा पृथ्वीपालाने काश्मिरी सैन्याला घाटात कोंडून मार दिला, तेव्हा तुंग दुसऱ्या वाटेने आत शिरला, राजपुरी जाळली आणि खंडणी घेऊन परतला. नंतर डामर नावाच्या बंडखोर जमीनदारांना त्याने दाबलं. दिद्दा गेल्यावरही तो कित्येक वर्षं पदावर होता.

लौकिक संवत इसवी सनात कसा बदलायचा?

काश्मिरी नोंदींत शतकाचा आकडा लिहीत नाहीत, फक्त शेवटचे दोन अंक. त्यात २४ मिळवा, मग शतक संदर्भावरून लावा. दिद्दाचा मृत्यू लौकिक ७९, भाद्रपद शुद्ध अष्टमी. ७९ + २४ = १०३, म्हणजे १००३. वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन या महिन्यांसाठी बहुधा २५ मिळवावे लागतात. क्षेमगुप्ताच्या मृत्यूचं साल कुठे ९५८ तर कुठे ९५९ दिसतं ते यामुळेच, कारण तो पौषात गेला. लौकिक ३४ एवढंच लिहिलेलं असताना शतक चुकलं, तर माणूस थेट शंभर वर्षं सरकतो.

तिने काय बांधलं?

कल्हण चौसष्ट स्थापनांचा आकडा देतो. मुलाच्या नावाने अभिमन्युपूर आणि अभिमन्युस्वामी, स्वतःच्या नावाने दिद्दापूर आणि दिद्दास्वामी, नवऱ्यासाठी कंकणपूर, बापाच्या नावाने सिंहस्वामी. मध्यदेश, लाट आणि सौडोत्र इथून येणाऱ्यांना राहायला मठ. बौद्ध विहारही. तिच्या नवऱ्याने जयेंद्रविहार जाळून तिथल्या बुद्धमूर्तीचं पितळ आपल्या देवळाला वापरलं होतं, हे ध्यानात घेतलं की तिचा विहार जास्त बोलका वाटतो. जळालेल्या कोटांच्या देवळांना तिने दगडी भिंती घातल्या. यातलं बरंच काम अभिमन्यूच्या मृत्यूनंतरच्या शोकाच्या वर्षात, नगराधिकारी भुय्य याच्या प्रेरणेने सुरू झालं. पुढे त्याच भुय्याला तिने विष देववलं, असं कल्हण लिहितो.

वारस कसा निवडला?

भावांच्या मुलांना जमवून त्यांच्यापुढे फळांची रास ओतली आणि कोण जास्त गोळा करतो ते पाहिलं. पोरं एकमेकांवर तुटून पडली. संग्रामराजाकडे सगळ्यात जास्त फळं होती आणि अंगावर ओरखडा नव्हता. विचारल्यावर म्हणाला, मी बाकीच्यांना आपसांत लढवलं. तिने त्यालाच युवराज केलं. गोष्ट घोटून गोड केलेली असेल, पण निकाल इतिहास आहे: काश्मीरची गादी कसलंही युद्ध न होता सासरच्या घराण्यातून माहेरच्या घराण्यात गेली.

तिने गझनीच्या महमुदाला हरवलं का?

नाही. ‘पाचशे सैनिकांनिशी ४४ मिनिटांत’ वगैरे जे फिरतं त्याला कल्हणात आधार नाही, आणि त्या काळी मिनिटं मोजणारं घड्याळही नव्हतं. महमुदाच्या काश्मीरवरच्या स्वाऱ्या १०१५ आणि १०२१ च्या. दिद्दा १००३ मध्ये गेली होती. गादीवर तिने निवडलेला संग्रामराज होता. दोन्ही वेळा महमूद अडला तो लोहरकोटाच्या किल्ल्यापाशी, तटबंदी आणि बर्फ यांमुळे. तो किल्ला तिच्या माहेरचा.

तिच्या काळातलं आज काय पाहता येतं?

श्रीनगरमधला दिद्दमर हा भाग तिच्या दिद्दामठाचं नाव अजून चालवतो. तिथल्या श्री प्रताप सिंह संग्रहालयात तिच्या राज्याचा उल्लेख कोरलेली पद्मपाणी बोधिसत्त्वाची कांस्यमूर्ती आहे. मूर्तीपेक्षा तिच्या पीठावरचा लेख आधी पाहा, अक्षरं बारीक आहेत. लोरनला जायचं तर पूंछहून मंडीमार्गे रस्ता आहे.